शंका असल्यास शोभाताईंना विचारा

शोभाताई,

तुमच्या दहाव्याला मी घाटावर आले नाही. तुमच्या घरी सांगितलं, कंपनीत माल अडकलाय. माल कुठला अडकतोय? कावळा शिवला नाही तर काय, या विचारानेच मी आले नाही. पिंडाभोवती उभे राहून लोक एकेक आठवायला लागतात, तिचं हे राहिलं होतं, ते राहिलं होतं, आम्ही बघू, आम्ही करू. आणि मला एकटीलाच माहीत होतं की तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले होते. वीस वर्षं क्वालिटीचं काम केलेली बाई मी, कावळ्याला घाबरले. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग लगेच विचारलं असतंत, "कुठला प्रश्न?"

सांगते. तेच सांगायला बसलेय.

त्या सकाळी सातपूरच्या आपल्या शेडमध्ये जवळजवळ कुणी नव्हतं. शेठ, ऑफिसातली मंडळी, निम्मे कामगार घाटावर गेले होते. मागे मी आणि ब्रेकच्या नळ्या तपासायच्या बाकावरचे गावित. त्यांनाही यायचं होतं, पण मीच थांबवून घेतलं, माझी थाप खरी दिसावी म्हणून. अकराच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हात तेलाचे, तसेच लांब धरलेले.

"म्याडम, जरा चला. ताईला विचारा म्हनतंय."

मला आधी कळलंच नाही. बाकाजवळच्या कॉम्प्युटरवर तुम्ही दसऱ्याला घातलेला झेंडूचा हार अजून वाळून लटकतो आहे. त्याच्या खाली स्क्रीनवर तुमचा निरोप उघडा होता. उरलेला दाब २१० पेक्षा कमी. नळी बाजूला ठेवा. शंका असल्यास शोभाताईंना विचारा. गावितांनी त्याच्याखालचं 'ठीक आहे'चं बटण दाबलं नव्हतं.

"दाबू का नको कळंना," ते म्हणाले. "आज ताईचा दहावा हाय."

नळी नापास झाली की हा निरोप येतो, हे काही नवं नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही तो शेकडो वेळा पाहिला असेल. पण तुम्ही गेल्यापासून ब्रेकची एकही नळी नापास झाली नव्हती, आणि मला ते बरंच वाटत होतं. त्या दिवशीची पहिली. तुमचं नाव वाचून अंगावर काटा आला, हे खरं. पण मी हादरले ते त्याच्या वरच्या ओळीने. २१०. त्या नळीची मर्यादा २३५ हवी होती, आणि ती का नव्हती हे मला त्या क्षणी कळलं.

तुमचा मुकादम, तो आपणहून कोड लिहिणारा प्रोग्रॅम, मी पहिल्यांदा चालताना पाहिला तो दिवस आठवतो तुम्हाला? त्याच्या आधी तुम्ही सगळं हाताने लिहायचात. आपल्याकडे नळ्यांचे त्रेचाळीस प्रकार, प्रत्येकाचा स्क्रीनवर एक फॉर्म, प्रत्येक फॉर्मवर सात रकाने. रकान्यात आकडा टाकून पुढे गेलं की काय व्हायचं, म्हणजे तो आकडा साठवायचा, मर्यादेशी ताडून बघायचा, कमी भरला तर निरोप दाखवायचा, हे सगळं त्या रकान्यामागे कोडमध्ये लिहावं लागे. तीनशे एक रकाने. बारा फॉर्म तुम्ही हाताने केलेत आणि त्यातल्या एकात दुसऱ्याच नळीची मर्यादा चिकटली. ती सापडायला आपल्याला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत तुम्ही माझ्याशी नीट बोलला नव्हतात.

मग महिनाभर तुम्ही डबा खाताना ते वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक वाचत होतात. एका दुपारी मला बोलावलंत आणि म्हणालात, "बस. हात मांडीवर ठेव. कशाला हात लावायचा नाही." एक बटण दाबलंत. फॉर्म आपोआप उघडायला लागले. रकाने उमटत होते, त्यांच्यामागे कोडच्या ओळी भराभर लिहिल्या जात होत्या, फॉर्म मिटत होता, पुढचा उघडत होता. रिकाम्या खुर्चीसमोर टाइपरायटर चालावा तसं ते दिसत होतं. मला घाम फुटला. तुम्ही मात्र शेंगदाण्याची चटणी बोटाने पुसून खात होतात.

"हा आपला मुकादम," तुम्ही म्हणालात. "स्वतः पाटी उचलत नाही. माझ्याकडच्या तक्त्यात कुठल्या नळीला किती मर्यादा ते लिहिलंय, तेवढं वाचतो आणि सगळ्यांना कामाला लावतो."

"पण ताई, हे असं आपोआप..."

"हाताने तीनशे वेळा लिहिलं तर कुठेतरी हात चुकणार. आणि ती चूक कुठे बसलीय ते देवाला सापडायचं नाही. याने चूक केली तर तीनशे ठिकाणी तीच करेल. ती लगेच दिसते."

"आणि नाही दिसली तर?"

यावर तुम्ही चिडलात. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि मिटलं कधीच नाही. मी म्हणायची, मुकादम सगळ्यांना हाकतो, पण मुकादमाला कोण हाकणार? तुम्ही म्हणायचात, मी. तुम्ही नसाल तेव्हा? तुम्ही म्हणायचात, तू. मला ती थट्टा वाटायची. तुम्ही शिकवायला बसलात की मी चहा आणायला उठायची. मला त्या बटणाची खरोखर भीती वाटायची, ताई. एका दाबण्यात तीनशे जागा बदलतात हे मनाला पटायचंच नाही. ब्रेक लागतात की नाही हे त्या तीनशे जागांवर ठरतं.

म्हणून तुमचे नियम. बटण दाबण्याआधी पेनड्राइव्हवर कॉपी, एकदा नाही, तीनदा. प्रत्येक रकान्याच्या कोडवर पहिली ओळ, मुकादमाने लिहिलेलं आहे, हाताने बदलू नये. आणि कुणीही काहीही तक्रार घेऊन आलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "हाताने काही बदललंत का?" प्रिंटर बंद पडला तरी तोच. माझं दही लागलं नाही म्हटलं तेव्हाही तोच, आणि मी खरंच विरजण बदललं होतं. सगळी कंपनी त्या प्रश्नाला टरकून असायची. तुम्ही तो चष्म्यावरून बघत विचारायचात, आणि "हो" म्हणायला छाती लागायची.

तुमचं पहिलं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं पत्र आलं. नवी जड गाडी काढतायत, तिच्या नळीला २१० चालणार नाही, २३५ करा. मी तुम्हाला फोन करू शकले असते. आजारी माणसाला त्रास नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. तुमच्यावाचून हे होतं का, ते मला बघायचं होतं. मी तो फॉर्म उघडला, रकान्यामागचा कोड उघडला, तुमची 'हाताने बदलू नये' ही ओळ वाचली आणि तिच्याखालच्या दोन ओळींत २१० चं २३५ केलं. चाललं. शेठ म्हणाले, "अरे वा, तुम्हालाही येतं की." चार दिवस मी हवेत होते. मुकादम कोड वाचत नाही, फक्त तुमचा तक्ता वाचतो, हे तुम्ही मला सांगितलेलं होतं. मी चहा आणायला गेले नसेन तेव्हा सांगितलं असणार, कारण मला ते आठवत होतं. तरी मी तक्त्याला हात लावला नाही. तक्ता तुमचा होता.

मग तुम्ही परत आलात. डोक्याला रुमाल, मनगट एवढंसं, घड्याळ कोपरापर्यंत सरकलेलं. एक नवा प्रकार वाढवायचा होता. तुम्ही खुर्चीत बसलात, मी शेजारी पाण्याची बाटली घेऊन. मागे शेठ उभे. तीन कॉप्या झाल्या. माउसवर हात ठेवून तुम्ही माझ्याकडे वळलात.

"वैशाली, मी नव्हते तेव्हा हाताने कुठे काही बदललंस का?"

मी म्हटलं, "नाही, ताई."

का म्हटलं, याचा मी इतक्या दिवसांत खूप विचार केला. शेठसमोर बोलणी खायची नव्हती. तुम्ही दमलेल्या दिसत होतात. नवा एकच फॉर्म लिहिला जाईल, जुन्यांना धक्का लागणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. तुम्ही बटण दाबलंत. फॉर्म एकामागून एक उघडून मिटायला लागले. त्या जड गाडीच्या नळीचा फॉर्म आला, दोन सेकंद राहिला आणि गेला. थांबा म्हणायला दोन सेकंद पुष्कळ होते. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

त्यानंतर तुम्ही पाच दिवस आलात आणि मग आला नाहीत. रोज सकाळी बसमध्ये मी ठरवायची, आज फोन करून सांगायचं. मग तुमच्या घरून बातमी आली, की आता बोलणं बंद झालंय.

तर दहाव्याच्या दिवशी गावित शेजारी उभे आणि स्क्रीनवर २१०. मुकादमाने माझं २३५ पुसून तक्त्यातलं २१० परत लिहिलं होतं. मी बटण दाबून तुमचा निरोप मिटवला आणि साठवलेले आकडे काढायला बसले. मुकादमाने प्रत्येक आकडा जपून ठेवला होता, त्याचा काय दोष. तुम्ही ते बटण दाबलंत त्या दिवसापासून २१० आणि २३५ च्या मधल्या किती नळ्या पास झाल्या? एकोणीस. सहा आपल्या स्टोअरमध्ये सापडल्या, मी त्या पोटाशी धरून आणल्या. तेरा गेल्या होत्या.

दुपारी शेठ घाटावरून आले. कपाळाला गंध, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी आकडे सांगितले. ते खुर्चीत बसले आणि लगेच गिऱ्हाइकाला फोन लावला, नळ्या थांबवा म्हणून. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताईंच्या हातून राहिलं असेल. आजारी होत्या बिचाऱ्या. गिऱ्हाइकाला तसंच कळवू. गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार?"

मी मान हलवली.

ताई, मी मान हलवली. तुमची राख अजून निवली नव्हती आणि मी तुमच्या नावावर माझी चूक चढवू दिली. संध्याकाळपर्यंत बारा नळ्या त्यांच्या स्टोअरमध्ये मिळाल्या. तेरावी एका गाडीला बसली होती आणि गाडी माल भरून पेठच्या बाजूला गेली होती. ड्रायव्हरचा फोन लागत नव्हता. तो रस्ता मला माहीत आहे, तुम्हालाही. नुसतं वळण आणि उतार.

"कोनच्या रंगाची गाडी, म्याडम?" गावितांनी घरी निघताना विचारलं. त्यांची जीप त्याच घाटातून जाते. पुढच्या सीटवर पाच माणसं आणि मागे किती ते मोजायचं नाही, अशी ती जीप. मी रंग सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि डबा काखेत मारून गेले. मग मला सुचलं की ती गाडी त्यांच्या मागून उतारावर येत असेल तर? मी फाटकापर्यंत धावले, पण जीप निघून गेली होती. घरी जाताना सिग्नलला कुठलीही गाडी कचकन थांबली की मी दचकत होते.

दुसऱ्या दिवशी गावित वेळेवर आले. मला बघून लांबूनच म्हणाले, "घाटात काय नाय झालं. मी दोन्ही अंगाला बघत आलो. पन गाडी बी दिसली नाय."

मग हात पुसत पुसत, माझ्याकडे न बघता, "ताईच्या हातनं अशी चूक व्हायची नाय, म्याडम. आठ वर्सं बघतोय मी. कुनीतरी मधे हात लावला आसंल."

त्यांना माझा संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तशीच शेठच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेपरवेट खाली ठेवलं.

"मग त्यांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कशाची?"

ते उत्तरासाठी थांबले नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकाला पुन्हा फोन लावला आणि चूक शोभाताईंची नव्हती, आमच्या दुसऱ्या माणसाची होती, असं माझ्यासमोर सांगितलं. नाव घेतलं नाही. मला कामावरून काढतील असं वाटत होतं. काढलं नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दुपारी ड्रायव्हरचाच फोन आला. हरसूलच्या बाजारात माल उतरवत होता, तिथे रेंज नव्हती. गाडी जागेवर थांबवली, फिटर नवी नळी घेऊन गेला. जुनी आमच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळून आली. गावितांनी ती बाकावर चढवली. तेल भरलं, दाब चढवला, दोन मिनिटं धरला. मी गेजकडे बघू शकले नाही, गावितांनी उरलेल्या दाबाचा आकडा वाचला. २१९. फुटली नाही. सांध्याशी तेलाचा एक थेंब धरला होता. कदाचित वर्षानुवर्षं टिकली असती, कदाचित परतीच्या उतारावरच गेली असती, ते आता कुणालाच कळणार नाही. ती नळी माझ्या खणात आहे.

तुमचा कावळा लगेच शिवला म्हणे. पिंड ठेवलं आणि तुमचे मिस्टर मागे सरकायच्या आत. सगळे म्हणाले, समाधानाने गेली. मला ते ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग तुमचा थोडा रागच आला. माझ्यासाठी थोडं अडून बसला असतात तर मला घाटावर यावं तरी लागलं असतं.

तेराव्यानंतर मी तुमच्या खुर्चीत बसले. तुमची पाठीची उशी काढली नाही. आधी तक्ता उघडला आणि २१० खोडून २३५ लिहिलं, तीनदा वाचलं. मग मुकादमाचा कोड. तुमचा निरोप तिथे एकाच जागी होता, फक्त एका ओळीत. तीनशेहून जास्त रकान्यांतून आम्ही जो वाचत आलो तो तुम्ही एकदाच लिहिला होतात. शंका असल्यास शोभाताईंना विचारा. तुमचं नाव निवडलं आणि बोट डिलीटच्या बटणावर ठेवून बसून राहिले. ते तसंच ठेवायचा मोह झाला. पण गेलेल्या माणसाला विचारा असं सांगणाऱ्या मशीनवर ब्रेकच्या नळ्या तपासायच्या का?

गावित मागे येऊन उभे होते. "तुमचं नाव टाका. आमी कोनाला विचारायचं मग?"

मी माझं नाव लिहिलं. तीन कॉप्या केल्या. स्वतःलाच मोठ्याने विचारलं, हाताने काही बदललंय का, आणि सगळे, आता चव्वेचाळीस, फॉर्म एकेक उघडून पाहिले. मग बटण दाबलं. फॉर्म उघडत मिटत गेले आणि मी मांडीवर हात ठेवून बसले, तुम्ही सांगितलं होतं तशी. भीती गेली नाही. ती जाईल असंही आता वाटत नाही. तुम्हालाही वाटत असणार, नाहीतर तीन कॉप्या कशाला?

काल गावित आले. "म्याडम, तुमाला विचारा म्हनतंय."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हाताने काही बदललंत का?"

ते खाली बघायला लागले. आठ वर्षं त्या बाकावर काढलेला माणूस, तेलाच्या डागाकडे बघत उभा. मी त्या दिवशी पाण्याच्या बाटलीकडे असंच बघत होते. म्हणून मी पुढे म्हटलं, "बदललं असेल तर सांगा. रागावणार नाही. मला फक्त माहीत पाहिजे."

"सांध्याचा वायसर बदलला सकाळी. जुना गळत व्हता. नवा जरा जाड मिळाला."

आम्ही तो काढला, बरोबर मापाचा बसवला. नळी चांगली होती.

हे दुसरं वाक्य, 'सांगा, रागावणार नाही', तुम्ही कधी म्हणाला नाहीत, ताई. माझं खोटं मी तुमच्यावर ढकलत नाही. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, तेव्हा माझी बाजू सांगून ठेवते. तुमचा प्रश्न बरोबर होता. त्याला जोडून एवढं म्हणाला असतात तर कदाचित मी बोलले असते. कदाचित तरीही नसते. तुम्ही मला बटण दाबायला शिकवायला बसायचात आणि मी चहाला उठायची, हेही तितकंच खरं आहे. जे काही येतं ते तुमच्या त्या डब्याच्या वेळेतलंच आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. उशीर झालाय, पण तुम्ही विचारलं होतंत.

हो, ताई. एका फॉर्ममध्ये, दोन ओळी. मी बदलल्या होत्या.

वैशाली